ट्रम्पेटवाल्याची शेवटची रेकॉर्ड

एकदा एका वृद्ध गुरूने आपल्या शिष्याकडे एक रेकॉर्ड ऐकायला मागितली आणि शिष्य चक्क खोटे बोलला. "मिळालीच नाही, गुरुजी," तो म्हणाला. रेकॉर्ड त्याच्या कपाटात होती.

हा शिष्य काही पोरसवदा नव्हे. साठी ओलांडलेला गृहस्थ. कॉलेजात असताना गुरुजींच्या खोलीवर त्याने जॅझमधल्या एका ट्रम्पेटवादकाची तबकडी ऐकली आणि तो त्या वादकाचा झाला तो कायमचाच. मग उभा जन्म त्याच्या रेकॉर्डी जमवण्यात गेला. जुन्या बाजारात धूळ खाल्ली, परदेशी जाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला गळ घातली, बायकोची बोलणीही खाल्ली. अखेर शेवटची रेकॉर्ड हाती आली; पण ती त्याने उघडलीच नाही. ती निघाली तेव्हा वादकाचे पुढचे दात गेले होते, दम पुरत नव्हता, असे तो ऐकून होता. आपल्या दैवताची फजिती ऐकायची त्याची छाती होईना.

इकडे गुरुजींचे कान झपाट्याने जात होते. उरलेसुरले ऐकू येणेही फार दिवस टिकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याआधी ती एक रेकॉर्ड ऐकावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

एके दुपारी ते न कळवता शिष्याच्या घरी आले आणि थेट कपाटापाशी गेले. रेकॉर्डी सालवार लावलेल्या होत्या. त्यांचे बोट सरकत सरकत शेवटच्या पाकिटावर थांबले. नखाने त्यांनी प्लास्टिक फाडले, तबकडी चढवली आणि सुई टेकवली.

आधी नुसती खरखर झाली. मग ट्रम्पेट सुरू झाला. दोन सूर नीट लागले, तिसरा फाटला. शिष्याचा हात सुईकडे झेपावला, तोच गुरुजींनी त्याचे मनगट घट्ट धरले. त्यांचा दुसरा तळवा स्पीकरच्या लाकडावर होता.

"सोडा, गुरुजी! हा तो नव्हेच!"

"तोच आहे," गुरुजी म्हणाले. "मला सूर धड ऐकू येत नाहीत, हाताला थरथर तेवढी लागते. पण तो कुठे थांबतो ते कळतंय. थांबतो, दम घेतो, पुन्हा वाजवतो. तरुणपणी त्याला सगळं येत होतं, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आता फार थोडं येतं, तरी तो वाजवतोय. नेमकं आताच तू कपाट लावून बसलास? अरे, म्हातारपण वगळून माणूस कसा जमवशील?"

गुरुजींचा आवाज उतरला. "दिवाळीपासून तू माझ्याकडेही फिरकला नाहीस. माझ्याशी ओरडून बोलावं लागतं, मी भलतीच उत्तरं देतो. तुला ते बघवत नाही, कळतं मला. पण मी अजून आहे रे."

शिष्याला रडू कोसळले. तबकडीची ती बाजू केव्हाच संपली होती. डोळे पुसून तो गुरुजींच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानापाशी सरकला आणि मोठ्याने म्हणाला, "गुरुजी, दुसरी बाजू लावू?"

"लाव. आणि तो कुठे चुकतोय, कुठे जमतंय, ते मला सांगत बस."