सनईचा नवस

नातीचा ताप उतरला तर भगवतीपुढे सनईची सेवा करवीन, असा नवस मी बोलले होते. तो फेडायला देवळात गेले, तर ट्रस्टी अप्पासाहेबांनी सनईवाल्या धोंडू गुरवांना घरीच बसवलेलं!

"वहिनी, आता एआय सनईची धून रचतं नि वाजवतंही. ते दमत नाही, त्याला भूक लागत नाही."

सोबत आलेली आमची सून केतकी हसून म्हणाली, "मग अप्पा, तुमचे नवरात्राचे कडक उपासही त्यालाच धरू द्या की!"

"अगं, यंत्राचा उपास देवीला कसा पोचेल?"

"मग त्याची सनई कशी पोचेल?"

अप्पा स्वतः जाऊन धोंडूभाऊंना घेऊन आले. गाभाऱ्यात सनई घुमली आणि सुनेकडे बघताना माझी मान ताठ झाली. बायांनो, तुम्हीही सनईचा नवस बोललात, तर तो माणसाच्या फुंकेनंच फेडा.