चकचकीत पातेलं आणि लोहचुंबक

भांड्यांना तोंड होतं आणि माणसं त्यांचं ऐकत होती, तेव्हाची गोष्ट. सरूबाईच्या मांडणीवर त्या दिवशी कुणाला चैन नव्हतं. मोड घेऊन भांडी देणारी पार्वताबाई दारात बसली होती आणि दोन पातेल्यांतलं एक मोडीत जाणार होतं.

जुनं पातेलं पुसट रेघांचं, बिनचमकीचं. ते सकाळपासून थरथरत होतं. शेजारचं नवं आरशासारखं लखलखत होतं.

"थरथरून काय होणार, म्हाताऱ्या? तुझ्यात कुणाचं तोंड तरी दिसतं का?" नवं म्हणालं.

"तोंड आरशात बघावं. माझ्यात आमटी शिजते," जुनं म्हणालं.

पार्वताबाईने पिशवीतून लोहचुंबक काढून जुन्याला लावलं. चुंबक घसरून पडलं.

नवं खदखदून हसलं. "चुंबकसुद्धा याला धरत नाही." मग चुंबक त्याच्याकडे आलं आणि खटकन चिकटलं. नवं फुगलं. "बघितलंत माझं वजन?"

"सरूबाई, हे लोखंड आहे," पार्वताबाई म्हणाली. "वरून चमक चढवलीय. दोन महिने राखेने घासलंत की गंजेल. हेच मोडीत घाला. ते पुसट आहे ना, ते चांगलं स्टील आहे."

नवं चवताळलं. "मग मांडणीवरच्या त्या तव्यालाही लावा की चुंबक. तोही लोखंडच आहे."

पार्वताबाईने लावलं. चिकटलं.

"आहेच मी लोखंड," तवा म्हणाला. "या घरात काळाच आलो. स्टील म्हणून नाही आलो."

सरूबाईने तवा उचलून चुलीवर ठेवला आणि भाकरी थापायला घेतली.