तारेला वाचून दाखवा

उपअभियंता नाडगौडा साहेबांचा कागदावर भारी विश्वास. आपली सही झाली की काम झालंच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

कोथळीत मंत्री यायचे होते आणि नेमकी सभामंडपाजवळच्या खांबावरची तार निसटली. वायरमन कुसुम तावरे शिडी लावून तयार होत्या, पण वर चढेनात. आधी एका लोखंडी साखळीचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधत बसल्या. दुसरं टोक तारांवर टाकायचं, म्हणजे कुठून वीज येत असलीच तर ती माणसात न शिरता जमिनीत जाते.

"तावरेबाई, हे साखळीचं खूळ पुरे!" साहेब कडाडले. "लाइन मी स्वतः बंद करून आलोय. हे घ्या लेखी, सही-शिक्क्यासकट. आता चढता, की निलंबित करू?"

बाईंनी कागद शांतपणे वाचला आणि घडी घालून परत दिला.

"मला पटलं, साहेब. आता एकदा तारेला वाचून दाखवा."

जमलेली माणसं हसली. साहेब लालबुंद झाले. तेवढ्यात बाईंनी साखळी फेकली. धाडकन आवाज झाला, निळ्या ठिणग्या उडाल्या आणि शेजारच्या मंगल कार्यालयातला जनरेटर धापा टाकत बंद पडला. लाइन गेली म्हणून कार्यालयवाल्यांनी तो सुरू केला होता आणि त्याचीच वीज उलटी तारेत येत होती.

साहेबांनी कागद हळूच खिशात घातला.

शिडी चढता चढता बाई म्हणाल्या, "तुमचा कागद खरा होता, साहेब. फक्त जनरेटरला त्याची प्रत पाठवायची राहिली."