पाखरांचं उष्टं

बोरथडीत प्रत्येक घराच्या परसात एक पसरट दगड आहे. बाहेरून गावात धान्य आलं की पहिली मूठ त्या दगडावर पडते आणि पाखरांनी टिपल्याशिवाय चूल पेटत नाही. पाहुण्यांना ही भूतदया वाटते. म्हातारे रखमाजी गुरव त्यांना तिथेच थांबवतात. “दया कसली? हा पहारा आहे,” म्हणतात, आणि भिवराची गोष्ट सांगतात.

दोन वर्षं पाऊस नव्हता. माणसं पाला उकडून खात होती, पाखरं तर केव्हाच गाव सोडून गेली होती. गढीवरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ज्वारी मात्र भरलेली होती. त्यातल्या एका पेवात पाणी झिरपलं. फेकायच्या लायकीची ती ज्वारी राख चोळून वाळवली गेली आणि फाल्गुनात एका सकाळी गढीच्या धन्याचं दान म्हणून घरोघर वाटली गेली. गावानं जयजयकार केला म्हणे.

त्याच सकाळी भिवराच्या परसात पाच होले उतरले. पाखरं परतली! तिला भरून आलं. लेक सोनी भुकेनं भिंतीला टेकून बसली होती, तरी भिवरानं एक मूठ दगडावर टाकली. होल्यांनी चोच मारली, दाणे झटकले आणि समोरच्या बाभळीवर जाऊन बसले. पुन्हा खाली येईनात.

भिवराचा जळतं लाकूड धरलेला हात थबकला. दाणा हुंगला, तर राखेखालून कुबट वास आला. ती घरोघर धावली, चुली विझवत सुटली.

“अगं, पाखरं माजलीत, आम्ही नाही!” शेजारीण चंद्रभागा ओरडली. “पोरीला उपाशी मारशील!”

हीच भीती भिवराला पोखरत होती. आपण चुकत असू तर? सोनीचे डोळे तिच्यावरच होते.

तेवढ्यात गढीचा कारभारी बहिर्जी आला. “धन्याच्या दानाला नावं ठेवतेस?”

भिवरानं मूठभर ज्वारी शिजवली आणि द्रोण त्याच्यापुढे धरला. “मग पहिला घास तुम्ही घ्या, कारभारी.”

सगळं गाव त्याच्या हाताकडे बघत राहिलं. हात काही पुढे येईना.

“आज माझा उपास आहे,” तो म्हणाला.

“कसला?” भिवरानं विचारलं. “एकादशी परवाच झाली.”

मग गाव गढीवर चालून गेलं, दुसरं पेव उघडायला लावलं. त्यातली मूठ आणून भिवरानं परसातल्या दगडावर टाकली, आणि भुकेलं गाव श्वास रोखून बाभळीकडे बघत बसलं. बहिर्जीलाही उठू दिलं नाही. उन्हं डोक्यावर आली. एक होला उतरला. एक दाणा टिपला. मग दुसरा. मग उरलेले तिघेही आले. तेव्हा कुठे सोनीच्या तोंडात घास गेला, असं सांगतात.

आजही बोरथडीत धान्य आणणारा कितीही मोठा साहेब असो, पाखरं टिपेपर्यंत त्याला परसातच बसवतात. आदरानं चहा देतात. आणि वाट बघता बघता कंटाळून त्यानं घड्याळ पाहिलं, की एखादी म्हातारी हमखास विचारते, “साहेब, आज उपास नाही ना?”