बारा वर्षांची रिकामी गादी

कुलगुरू चिंतोपंतांनी अर्ज परत ढकलला.

"विषय नवा हवा! आजवर कुणीही हात न लावलेला. आणि त्याच विषयातल्या दोन जाणत्यांचे शिक्के हवेत!"

"अवो, कुणी हातच लावला न्हाई, तर जाणतं कुठनं आणू?" धनगराची धुरपा म्हणाली.

"तेच तर!" कुलगुरू समाधानाने हसले.

कनकपूरच्या विद्यापीठात संशोधकाची ही एकच जागा. दरसाल दवंडी पिटायची, "गुणवंतांनो, या हो या!" गुणवंत यायचे, अट ऐकायचे आणि आल्या पावली परत जायचे. बारा वर्षांत त्या जागेची गादी तीनदा बदलली. बसणारा मात्र एकही मिळाला नाही. अट खुद्द राजा गुणशेखरांची, आणि राजे महा हट्टी!

धुरपाला परत जाऊन चालणार नव्हतं. तिच्या मेंढरांची खुरं सडत होती. रोज एखादं मेंढरू खाली बसे, ते उठतच नसे. औषधी झाडपाला होता तो विद्यापीठाच्या बागेत, आणि बागेत पाऊल टाकायची मुभा फक्त संशोधकाला. ती तडक दरबारात गेली.

"अट बदलणार नाही!" राजे आधीच गरजले.

"नगा बदलू, म्हाराज. म्या विषय बदलते."

"कोणता घेतेस?"

"ही जागा बारा वर्सं रिकामी कशी ऱ्हायली!"

दरबारात कुणीतरी खोकलं. राजांनी कुलगुरूंकडे पाहिलं. "यावर आजवर कुणी संशोधन केलंय?"

"छे, छे! कुणाची छाती होईल?"

"म्हंजी विषय नवा," धुरपा म्हणाली. "आता जाणतं दोघं. अट घालणारे म्हाराज, आन् ती राबवणारे कुलगुरू. तुमच्यापरीस ह्यातलं जास्त कुणाला ठावं?"

"मला यातलं काहीएक ठाऊक नाही!" चिंतोपंत ओरडले.

"मंग तसं लिवून द्या. बारा वर्सं जागा का रिकामी, ते कुलगुरूंना ठावं न्हाई!"

चिंतोपंतांनी घाईघाईने शिक्का काढला आणि अर्जावर उमटवला. राजांनी मिशीवरून हात फिरवला. अट तर तंतोतंत पाळली गेली होती! त्यांनीही निमूटपणे मोहोर उठवली.

"बस त्या गादीवर. पण ग्रंथ कधी पुरा करशील?"

"झाला की, म्हाराज! जागा भरली, विषय संपला. आता मेंढरांच्या खुरांचं बघते."

"थांब!" चिंतोपंत उसळले. "हा दुसरा विषय झाला. याचे दोन जाणते कुठे आहेत?"

"वेशीवर लंगडत हुबे हायती," धुरपा म्हणाली. "त्या दुखण्यातलं त्यांच्याइतकं कुणाला कळतंय? शिक्का तेवढा खुराचा चालवून घ्या!"

राजे असे हसले की मुकुट तिरका झाला. धुरपाला त्यांनी अख्खी बाग सोपवली आणि हातातलं सोन्याचं कडं बक्षीस दिलं. मग डोळे पुशीत म्हणाले, "चिंतोपंत, वेशीवर जा. जाणत्यांना मानाने आत घेऊन या!"