पाच वेळा खोललेला पाळणा

एक राजा होता, भलताच संशयी. अरिमर्दन त्याचं नाव. जेवण आधी आचाऱ्याला चाखायला लावी, आणि त्याने चाखलं की मनात म्हणे, हा एवढ्या आवडीने का खातोय? अशा राजाला बारा वर्षांनी मुलगी झाली. मग तर त्याच्या संशयाला ऊतच आला.

त्या राज्यात एक रीत होती. राजाच्या लेकराचं बारसं नव्या पाळण्यात व्हायचं आणि त्यात लोखंडाचा एक खिळाही चालत नसे. लाकडात लाकूड बसवून, पाचरी ठोकून सांधे जोडायचे. केरबा सुताराने आठ दिवस खपून असा शिसवी पाळणा केला आणि राजवाड्यात पोचवला.

राजाने पाळण्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. इतका सुबक, म्हणजे आत काहीतरी दडवलेलं असणार! त्याने शिपायांना तो खोलायला लावला. विष नाही, सुई नाही. पाळणा पुन्हा जोडला. पण शिपाईच फितूर असले तर? मग दुसरे शिपाई बोलावले. चार दिवसांत पाळणा पाच वेळा खोलला गेला. काही सापडलं नाही, आणि त्यामुळे राजाला जास्तच काळजी वाटू लागली.

बारशाला केरबा तान्ह्या नातीला घेऊन आला. त्याने सवयीने पाळण्यावर हात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला. राजा तेच टिपायला बसला होता.

"केरबा, आधी तुझी नात यात निजव."

केरबाने नातीला छातीशी धरलं. "चार दिवसांपूर्वी निजवली असती, महाराज. आज नाही."

झालं! शिपायांनी त्याचे हात बांधले. ते तोडायचा हुकूम तेवढा बाकी होता.

राणीने विचारलं, "आज का नाही?"

"राणीसाहेब, बसलेले सांधे कुणीतरी पुन्हा पुन्हा उचकटलेत. पाचरी सैल झाल्यात. तुमची लेकही यात ठेवू नका."

बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवायचा असतो. राणीने कुंची घातलेला वरवंटा अलगद ठेवला. पाळणा करकरला आणि तळ निसटला. वरवंटा खाली आदळला, फरशी तडकली.

राजा त्या कुंचीकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच केरबाचे हात सोडले. बारसं राणीच्या मांडीवर झालं.

केरबाने पुढे नवा पाळणा करून दिला. तो पाहून राजाचे हात शिवशिवले, पण त्याने ते पाठीमागे धरून ठेवले.

तात्पर्य: अति संशय शत्रूला अडवत नाही, ज्याला जपायचं, त्याच्याच जिवावर उठतो.