चार बोटे उंचीवरचे शास्त्रीबुवा

संस्थानचे विद्याधिकारी त्र्यंबकशास्त्री देहाने भव्य होते आणि अहंकाराने त्याहून भव्य. सगुणाबाई आपल्या अंगणात आळीतल्या मुलांना खेळातून वजन आणि जोर यांचे ज्ञान देतात, हे त्यांना खपले नाही. ते स्वतः येऊन म्हणाले, "हा पोरखेळ आजच बंद करा. विद्या पाठांतराने येते."

मुलांचे शिकणे सुटणार, हे सगुणाबाईंनी ओळखले. त्या नम्रपणे म्हणाल्या, "आज्ञा शिरसावंद्य. एकदा परीक्षा तेवढी घ्यावी."

त्यांनी वाटणाच्या पाट्यावर लांब फळी आडवी टाकली आणि आखूड टोकावर शास्त्रीबुवांना मांडी घालून बसवले. सगुणाबाईंची सहा वर्षांची लेक वेणू लांबच्या टोकावर चढून बसताच बुवा चार बोटे वर उचलले गेले. त्यांनी फळी घट्ट धरली.

"ही कसली करणी?"

"करणी नाही, बुवा. टेकूपासून लांब बसलं की थोडं वजनही पुरतं," वेणू म्हणाली. "आता तुमच्या आज्ञेप्रमाणे खेळ बंद करून उठू का?"

"नको गं बाई, बैस. खेळ चालू दे."

सगुणाबाईंनी हेच वाक्य त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतले, मगच लेकीला हळूच उतरवले.

परमेश्वर बुद्धी वाटताना कोणाचे वजन पाहत नाही.